हनन्याला पत्ता मिळाला होता

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 9:10-19
सोबत वाचा: 1 योहान 4:16-21



आजचं मनन लिहायचं मी बरेच महिने टाळत होते. कारण यात दुसऱ्या कोणाची चूक सांगायची नाही, माझीच सांगायची आहे. पण जे वचन आपल्याला बोचलं, ते लपवून बाकीच्या गोड वचनांवरच रोज लिहीत राहणं बरोबर नाही. म्हणून आज लिहिते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी मूळची यवतमाळची. नोकरी पुण्यात. नाताळाला मात्र काहीही करून घरी जायचंच, हा आमच्या घरचा नियम. रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास, सकाळी बसस्थानकाजवळ उतरायचं, थंडीने हात चोळत रिक्षात बसायचं, आणि रस्त्यात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या दिसल्या की वाटायचं, आलं आपलं गाव.

आमच्या घराच्या दोन घरं पलीकडे एका काकांचं बिछायत केंद्र आहे. पुण्यातल्या मित्रांसाठी सांगते, आमच्याकडे मंडप, खुर्च्या, सतरंज्या, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. काका ख्रिस्ती नाहीत. पण मला आठवतं तेव्हापासून आमच्या मंडळीच्या नाताळाचा मंडप त्यांचाच. मी रविवारच्या शाळेत मेंढपाळ झाले होते, तेव्हा माझ्या डोक्याला बांधलेला रुमाल सुटला, तो काकांनीच स्टेजच्या मागे येऊन बांधून दिला होता. आणि दर नाताळाला आईच्या फराळाचं पहिलं ताट त्यांच्या घरी जायचं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. चालत आलं होतं.

गेल्या डिसेंबरात नाताळाच्या आठवडाभर आधी, मी पुण्यातच असताना, एका ग्रुपवर एक व्हॉइस नोट आली. कोण बोलतंय माहीत नाही, कुठलं गाव माहीत नाही. आवाज घाबरलेला. यंदा नाताळात आपल्या लोकांच्या कार्यक्रमात गोंधळ घालायचं ठरलंय, मंडपवाले आणि लायटिंगवाले आतली माहिती बाहेर देतात, सावध राहा, आपल्या सगळ्या भावंडांपर्यंत पोहोचवा.

मी ती नोट ऑफिसमधून निघता निघता ऐकली. पोटात गोळा आला. आईबाबा तिकडे एकटे आहेत, हा पहिला विचार. आणि मी ती पुढे पाठवली. घरच्या ग्रुपवर, मंडळीच्या तरुणांच्या ग्रुपवर. नुसती पाठवली असती तर एक वेळ ठीक. मी खाली स्वतःची एक ओळही लिहिली, की आपल्याकडेही यंदा बाहेरच्यांना आत घेताना विचार करायला हवा.

बाहेरचे. रुमाल बांधून देणारे काका, माझ्या एका ओळीत बाहेरचे झाले.

घरी पोहोचले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकांची ऑर्डर रद्द झाली होती. मंडप दुसऱ्या गावाहून मागवला होता, ओळखीतल्या एका विश्वासणाऱ्याकडून, जास्त भाडं देऊन. आईने फराळाचं ताट भरलं, मग झाकून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “राहू दे बाई यंदा. उगाच कशाला.” नाताळ आला. उपासना झाली. गाणी झाली. कोणीही आलं नाही, कसलाही गोंधळ झाला नाही. आणि काकांच्या दुकानापुढे लाल खुर्च्यांची उतरंड तशीच रचलेली होती. मी तिच्यासमोरून जाताना मोबाईलमध्ये बघत गेले.

नाताळ उलटल्यावर दोन दिवसांनी माझ्या सकाळच्या वाचनात प्रेषितांची कृत्ये 9 वा अध्याय आला.

आपण हा अध्याय शौलासाठी वाचतो. दिमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश, जमिनीवर पडणं, आंधळं होणं. त्या सकाळी मी पहिल्यांदा हनन्यासाठी वाचला.

हनन्या हा दिमिष्कातला एक साधा शिष्य. प्रेषित नाही, पुढारी नाही. या अध्यायाआधी त्याचं नाव येत नाही, आणि पुढेही पौल आपली साक्ष सांगताना त्याची आठवण काढतो तेवढंच. प्रभू त्याला दर्शनात हाक मारतो आणि शौलाकडे जायला सांगतो. हनन्या काय उत्तर देतो? प्रभू, या माणसाबद्दल मी पुष्कळांकडून ऐकलंय. यरुशलेमेत याने किती त्रास दिला, आणि इथेही मुख्य याजकांकडून अधिकार घेऊन आलाय.

पुष्कळांकडून ऐकलंय! मी तिथेच थांबले. हनन्याकडे मोबाईल नव्हता, पण फॉरवर्ड मात्र पोहोचला होता.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. हनन्याला मिळालेली माहिती खोटी नव्हती. शौल खरोखर घरोघर शिरून माणसांना ओढून नेत होता. त्याच्याजवळ खरोखर पत्रं होती. हनन्याची भीती वेडेपणाची नव्हती. तुम्ही-आम्ही त्याच्या जागी असतो तर दाराला कडी लावून बसलो असतो, आणि कोणी आपल्याला दोष दिला नसता.

प्रभू त्याला असं म्हणत नाही, की तू ऐकलंस ते चुकीचं आहे. प्रभू त्याला एवढंच दाखवतो, की तुझी माहिती जुनी झाली. मधल्या तीन दिवसांत काहीतरी घडलंय. ज्याला तू घाबरतोस तो माणूस एका खोलीत आंधळा होऊन बसलाय, जेवलेला नाही, पाणी प्यालेला नाही, आणि तो प्रार्थना करतोय.

माणसाबद्दलची ऐकीव गोष्ट नेहमी थोडी शिळीच असते. ती कालच्या माणसाबद्दल असते. आज देव त्या माणसाच्या आत काय करतोय, ते तिच्यात कधीच नसतं.

आणि दुसरी गोष्ट. प्रभू हनन्याला किती नेमकं सांगतो ते बघा. रस्त्याचं नाव सांगतो. घर कोणाचं ते सांगतो. माणसाचं नाव आणि गाव सांगतो, तार्सकर शौल. तो आत्ता काय करतोय तेही सांगतो. म्हणजे अगदी पत्ता दिला.

मी माझी ती ओळ पुन्हा काढून वाचली. तिच्यात पत्ता नव्हता. नाव नव्हतं. फक्त ‘बाहेरचे’ होते. मग माझ्या ध्यानात आलं, भीती नेहमी अनेकवचनात बोलते. ते लोक. हे लोक. त्यांच्यातले. मंडपवाले. प्रीतीला मात्र एक माणूस लागतो आणि त्याचं घर लागतं. भीती ‘ते’ म्हणते, प्रीती नाव विचारते.

ही गोष्ट फक्त माझ्या ग्रुपपुरती नाही. 1 जुलै 2018 आठवतो का? आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाच्या गावात पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्या गावातल्या आयाबापांचं आपल्या लेकरांवर प्रेम नव्हतं का? होतं. त्या प्रेमालाच त्या मेसेजने धरलं आणि त्याची भीती केली. पाच जणांना ‘ते’ ठरवलं गेलं. तुमचं नाव काय, गाव कुठलं, पोरंबाळं किती, हे नीट बसवून विचारलं असतं तर पाच घरं वाचली असती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल असं बंधन घातलं. मशीनला मर्यादा घालता आली. आपल्या अंगठ्याला कोण घालणार?

मी कोणाला मारलं नाही. पण योहान आपल्या पत्रात ज्या सरळपणे बोलतो, त्यापुढे मला ही पळवाट मिळेना. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही आणि न दिसणाऱ्या देवावर आहे म्हणतोस, तर तू खोटं बोलतोस, असं तो अगदी तोंडावर सांगतो. आणि त्याच्या दोनच वाक्यं आधी तो भीतीबद्दल बोललेला असतो. या दोन गोष्टी त्याने एकमेकींना लागून का ठेवल्या, ते मला त्या दिवशी कळलं. भीती आत शिरली की पहिल्यांदा भाऊ दिसेनासा होतो. मग प्रार्थना चालू राहते, गाणी चालू राहतात, मंडपही उभा राहतो, फक्त भाऊ दिसत नाही.

इथे कोणी म्हणेल, ताई, पण भीतीचं कारण खरं असलं तर? रोज बातम्या वाचतो आपण. काही ठिकाणी प्रार्थनासभांवर खरोखर त्रास झालाय. मग काय डोळे मिटून बसायचं?

नाही. खऱ्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे, खरी भीती काय असते ते आमच्या जिल्ह्याने बघितलंय. पांढरकवडा आणि राळेगाव भागात टी-1 वाघीण होती, तुम्ही तिला अवनी म्हणून ओळखता. दोनेक वर्षांत 13 माणसांचे जीव गेले ते तिच्यामुळे, असं वन विभागाने म्हटलं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तेव्हा शहरातली माणसं हळहळली, चिडली, आणि त्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. देशभर दोन बाजू पडल्या आणि दोन्ही बाजूंनी मोबाईलवर भांडण झालं. वाघिणीचा जीव मोलाचा होता. माणसांचेही होते. त्या गोंगाटात फार थोड्या जणांनी हे विचारलं, की त्या दोन वर्षांत तिथली माणसं जगली कशी?

ती माणसं एकत्र जगली. कापूस वेचायचा होता, तूर राखायची होती, शेत सोडून चालणार नव्हतं. म्हणून घोळका करून शेतात जायचं, अंधार पडायच्या आत परतायचं, एकट्यादुकट्याला पाठवायचं नाही. खरी भीती होती, म्हणून एकमेकांचा हात घट्ट धरला. जी भीती आपल्याला शेजाऱ्याच्या जवळ नेते, तिला आपण सावधपणा म्हणू. जी भीती शेजाऱ्यापासून तोडते, तिची पारख करायला हवी, की ही आली कुठून आणि हिचा फायदा कोणाला.

तेव्हा खरोखर धोका वाटला, तर पाळकसाहेबांना सांगा, मंडळीच्या वडीलमंडळींना सांगा, पोलिसांत जाऊन लेखी द्या. प्रीती म्हणजे बेसावधपणा नव्हे. पण जिथे तक्रार करायची तिथे न करता, निनावी आवाज पन्नास घरांत पोहोचवणं याला सावधपणा म्हणत नाहीत. मी पोलिसांना फोन केला नव्हता. पाळकसाहेबांनाही नाही. मी फक्त माझी भीती पन्नास जणांत वाटली आणि मला हलकं वाटलं.

तर त्या सकाळी बायबल मिटलं. आई ओट्याशी होती. झाकलेलं ताट तिने मोडलं होतं, फराळ डब्यात परत भरला होता. मी नवीन ताट घेतलं. आईने बघितलं, काही बोलली नाही. करंज्या मात्र तिनेच वरून चार जास्त ठेवल्या.

दोन घरं. मोजून साठेक पावलं असतील. दिमिष्कातला तो रस्ता हनन्याला किती लांब वाटला असेल याचा अंदाज मला त्या साठ पावलांत आला.

काका दुकानात सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, काका, नाताळाचा फराळ. त्यांनी वर बघितलं.

“आता व? नाताळ तं होऊन गेला.”

मी ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो मेसेज, माझी ओळ, ऑर्डर का रद्द झाली ते. मला वाटलं होतं ते हसून सोडून देतील. ते हसले नाहीत. बराच वेळ घडीच घालत राहिले.

मग म्हणाले, “ऑर्डरचं काही नाही पोरी. ऑर्डरी येतात न जातात. पण मले कोणी येऊन इचारलं काहून नाही? इतल्या वर्षांपासून खुर्च्या टाकतो मी तुमच्या देवळात. एक डाव इचारायचं होतं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यांच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात आलेला एक मेसेज मला दाखवला. तो आमच्याबद्दल होता. नाताळाच्या नावाखाली काय काय चालतं, शेजारी सावध राहा, पुढे पाठवा. आमच्या मेसेजसारखाच. तोच घाबरलेला सूर, तसंच ‘ते लोक’. फक्त या वेळी ‘ते’ आम्ही होतो.

“हा मी पुढं नाही धाडला,” काका म्हणाले. “तुह्या मायच्या करंज्या खाल्ल्यात मी. कसा धाडू?”

मित्रांनो, मी अनेक प्रवचनं ऐकलीत. पुण्यात मोठमोठ्या सभांना गेलेय. पण 1 योहान 4 चा अर्थ मला त्या सतरंज्यांच्या ढिगाशेजारी उभी असताना कळला. ख्रिस्ताची प्रीती मला शिकवलेली होती. काकांनी ती केली होती. येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या शास्त्र्याला कसं वाटलं असेल, ते मला कळलं. आपण ज्याला बाहेरचा म्हणतो तोच आज्ञा पाळून मोकळा होतो, आणि आपण वचन तोंडपाठ असून दुसऱ्या बाजूने निघून जातो.

आमच्या यवतमाळचीच आणखी एक आठवण देते. जानेवारी 2019 मध्ये इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 92 वं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं, आणि गोंधळ होईल या भीतीने ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. खूप वाद झाला, अनेक लेखक आले नाहीत. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आमच्याच जिल्ह्यातली, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने संसार ओढणारी बाई. त्यांच्या भाषणातली एक गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाली होती, की अडचणीच्या वेळी दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई उपयोगी पडते. निमंत्रणाच्या वादात कोण बरोबर, कोण चूक, यावर मी आज बोलणार नाही. बोलावलेल्या पाहुण्याला भीतीपोटी येऊ नको सांगावं लागलं, ही दुःखाचीच गोष्ट. पण गल्लीबद्दलचं ते बोलणं माझ्या मनात राहिलं. आमचं गाव रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायला गाडी लागली तर ग्रुपवर टाकत नाही, शेजारच्या दारावर थाप मारतं. आणि मी त्याच गल्लीतल्या दारावर, शेकडो मैलांवरून, एक निनावी मेसेज फेकला होता.

तुम्ही म्हणाल, भेदभाव तर बाहेर आहे, जगात आहे, आपण काय करणार? पण दरी कधी कधी एका घरात, एका चुलीपाशीही असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं त्या नातलगांकडे वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या, तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाकपाणी वेगळं होतं. एकाच घरात नवराबायकोत पाण्याची भिंत! ती भिंत भाषणाने पडली नाही. सोबत राहून, रोजच्या वागण्यातून, स्वतः विचार करून लक्ष्मीबाईंनी जातीचा भेद मनातून काढला आणि 1900 मध्ये स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, त्यांनी स्वतःवर हसत हसत हे सगळं लिहिलंय. पाच वर्षं लागली. प्रीती घाई करत नाही.

आणि मंडळ्यांबद्दलच बोलायचं तर, आमच्या यवतमाळात 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तिच्या नावातच एकी आहे. वेगवेगळ्या मंडळ्यांची, वेगवेगळ्या भाषांची मुलंमुली कापसाच्या या गावात एकत्र राहून वचन शिकली. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. यवतमाळहून पुण्याला जाणारी मी काही पहिली नाही! जे आपसांत वेगळे आहेत त्यांना एका पंगतीत बसवणं हे आपल्या लोकांनी आधी करून दाखवलंय. मग आपल्याच गल्लीतल्या माणसाला आपण का बिचकावं?

परत हनन्याकडे येऊ. तो गेला. घाबरत गेला असेल, पण गेला. प्रभूने त्याची भीती आधी काढून मग त्याला पाठवलं, असं तिथे लिहिलेलं नाही. आपण बहुतेक वेळा उलटं मागतो. प्रभू, माझी भीती जाऊ दे, मग मी जाते. हनन्याला भीतीसकट उठावं लागलं. त्या घरात शिरल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. शौलावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. विचार करा, ज्याच्या हातातल्या पत्रांनी हनन्याला बेड्या पडायच्या होत्या, त्याच्या डोक्यावर हनन्याचे हात. आंधळ्या शौलाला मंडळीतला पहिला शब्द जो ऐकू आला, तो ‘भाऊ’. खपल्या डोळ्यांवरून नंतर पडल्या, भाऊ हा शब्द आधी आला.

पुढे याच अध्यायात शौल यरुशलेमेला जातो तेव्हा तिथले शिष्यही त्याला घाबरतात, आणि बर्णबा त्याचा हात धरून त्याला आत नेतो. म्हणजे प्रत्येक वेळी कोणीतरी एक जण पुढे व्हावा लागतो. हनन्या गेला नसता, बर्णबाने हात धरला नसता, तर आपण पौलाची पत्रं आज वाचत असतो का? देवाला मार्ग अनेक असतात, हे खरं. पण त्याने हा मार्ग निवडला. एक घाबरलेला माणूस, एक पत्ता, आणि भाऊ ही हाक.

माझ्या गोष्टीचा शेवट अजून व्हायचाय, म्हणून जेवढं झालं तेवढंच सांगते. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही ग्रुपवर लिहिलं, की मी पाठवलेल्या नोटची मी खात्री केली नव्हती, त्यामुळे एका भल्या माणसाचं मन दुखावलं आणि नुकसान झालं, मला क्षमा करा. काहींनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. एका मावशींनी मला वेगळा मेसेज केला, तू भोळी आहेस, तुला जग माहीत नाही. एक जण ग्रुप सोडून गेला. मंडळीच्या कमिटीतले दोघे जानेवारीत काकांना भेटून आले. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला खुर्च्या काकांच्याच होत्या, लाल. बाबांनी फोटो पाठवला. पण पूर्वी काका उपासना संपल्यावर आत येऊन सगळ्यांबरोबर चहा घ्यायचे, या वेळी ते गेटपाशीच थांबले, असं आई म्हणाली. चहा तिथेच नेऊन दिला.

मला त्याचं वाईट वाटतं. वाटायलाच हवं. मेसेज पाठवायला दोन सेकंद लागले होते, गेटपासून आतपर्यंतची वाट परत तयार व्हायला कदाचित दोन वर्षं लागतील. लक्ष्मीबाईंना पाच लागली. मी या दिवाळीलाही घरी जाणार आहे.

आज एवढं करून बघू या. एखादा मेसेज वाचून पोटात गोळा आला, तर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं, यात कोणाचं नाव आहे का, पत्ता आहे का? यात ज्यांना ‘ते’ म्हटलंय त्यांच्यातला एक तरी माणूस मला ओळखतो का? असेल, तर मेसेज राहू द्या बाजूला, त्या माणसाला फोन लावा. जवळ राहत असेल तर उठून जा. रिकाम्या हाताने जायची लाज वाटत असेल तर काहीतरी खायचं न्या. आमच्या आईचा हा उपाय आहे, आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो.

प्रार्थना:
हे प्रभू येशू, तू आमच्या भीतीला ओळखतोस. जी खरी आहे तिच्यात आम्हांला सांभाळ, एकमेकांच्या जवळ आण. जी आम्ही ऐकून धरलीये तिच्यातून आम्हांला सोडव. आम्ही ज्यांना बाहेरचे म्हटलं त्यांची नावं आज आम्हांला आठवू दे. ज्यांच्या दारापर्यंत जायला पाय उचलत नाहीत, तिथे हनन्यासारखं भीतीसकट जायचं बळ दे. आणि आमच्या चुकीमुळे जे गेटपाशी थांबलेत, त्यांना आत यावंसं वाटेल असं आमचं वागणं कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.